वस्तीत मोफत कायदेशीर मदत सुरू करायची आहे, सुरुवात कुठून करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. जळगावात दहा-बारा जणांचा गट आहे. वकील एकच, बाकी शिक्षक, दुकानात काम करणारे, एक निवृत्त तलाठी. वस्तीत अतिक्रमणाच्या नोटिसा येतात, भाजीवाल्यांच्या लोटगाड्या उचलल्या जातात, घरमालक सामान बाहेर टाकतो, फायनान्सवाले दारात येऊन बसतात. या लोकांना कायद्याची मोफत मदत द्यायची आहे. आधी संस्था नोंदवायची का, वकील कुठून आणायचे आणि पहिलं काम कोणतं घ्यायचं?

माझं मत स्पष्ट सांगतो: वकील शोधण्याआधी कागद आणि तारीख सांभाळायला शिका. गरीब माणसाचा दावा बहुतेक वेळा कायद्यात कच्चा नसतो. तो अपिलाची मुदत उलटल्यावर वकिलाकडे पोहोचतो, किंवा हातातला एकमेव पुरावा कुणा एजंटाकडे अडकलेला असतो. ही दोन्ही कामं तुमच्या गटातला बिगरवकील माणूस उत्तम करू शकतो आणि ती वेळेवर झाली तर पुढे मिळणारा वकील, मोफत असो वा पैसे घेणारा, खरोखर काही करू शकतो.

संस्था नोंदणीसाठी काम अडवू नका. सोसायटी नोंदवायला किमान सात सदस्य लागतात आणि ती सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था म्हणून धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही नोंदवावी लागते. देणग्या घ्यायच्या असतील, कुणाला पगार द्यायचा असेल, तेव्हा ते करा. अर्ज लिहून देणं, सोबत जाणं, तारीख लक्षात ठेवणं याला नोंदणी लागत नाही. मात्र एक मर्यादा पाळा. १९६१च्या अधिवक्ता कायद्यानुसार न्यायालयात वकिली फक्त अधिवक्त्यालाच करता येते आणि बेकायदा वकिली हा गुन्हा आहे. तुम्ही कुणाच्या वतीने न्यायालयात उभं राहू नका, ‘आमची संस्था केस लढते’ असं फलकावर लिहू नका. तुमच्या वकील मित्राचं नाव आणि फोन नंबरही बॅनरवर टाकू नका. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही आणि तक्रार झाली तर त्याच्या सनदेवर, म्हणजे वकिलीच्या परवान्यावर, येतं.

आता मोफत वकील. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ तुमच्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ हवं. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार, कोठडीत असलेली व्यक्ती, मानवी तस्करी किंवा वेठबिगारीला बळी पडलेले, पूर-भूकंप-दुष्काळ किंवा जातीय अत्याचाराची झळ पोहोचलेले, या सगळ्यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. उत्पन्नाची अट फक्त उरलेल्यांना आहे आणि महाराष्ट्रात ती वर्षाला ३ लाख रुपये आहे. बाईला ‘आधी तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणा’ म्हणून परत पाठवलं जातं तेव्हा ते चुकीचं असतं. तिला उत्पन्न दाखवावंच लागत नाही. ज्यांना दाखवावं लागतं त्यांच्यासाठीही कलम १३ प्रमाणे उत्पन्नाबाबतचं प्रतिज्ञापत्र पुरेसं धरता येतं. आणि शासकीय कार्यालयात किंवा न्यायालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही. आवाराबाहेरचा टायपिस्ट पाचशेचा स्टॅम्प पेपर घ्यायला लावत असेल तर तो खर्च वाचवा. रोजंदारीवरच्या माणसाची ती एका दिवसाची कमाई असते.

अर्ज कुठे करायचा? जळगाव, धुळे आणि नंदुरबार, तिन्ही ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय आहे. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. अर्ज साध्या कागदावर चालतो, लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं तिथे लिहून घेतात. मदतीत वकिलाची फी येते, तशीच न्यायालय शुल्क, समन्स बजावण्याचा खर्च आणि नकलांचा खर्चही येतो. हे लोकांना कुणी सांगत नाही, म्हणून ते वकील मोफत मिळूनही ‘टायपिंगचे’ पैसे देत राहतात.

नेमणूक झाली की खरी काळजी सुरू होते. नेमणुकीच्या पत्राची प्रत अशिलाच्या फाइलमध्ये लावा. त्यावर वकिलाचं नाव असतं. पहिल्या भेटीला तुमच्यातला एक जण सोबत जाऊ दे आणि वकिलाच्या हातात एका पानाचा घटनाक्रम द्या: डावीकडे तारीख, मध्ये काय झालं, उजवीकडे त्याचा कोणता कागद आहे. प्राधिकरणाच्या पॅनेलवरच्या वकिलाकडे अनेक प्रकरणं असतात. हे पान असेल तर तो पाच मिनिटांत मुद्द्यावर येतो, नसेल तर पहिल्या दोन तारखा समजून घेण्यातच जातात. वकिलाने पैसे मागितले, तारखांना आलाच नाही, किंवा फोन उचलत नाही, तर भांडू नका. तारखांसह लेखी अर्ज प्राधिकरणाच्या सचिवांना द्या आणि वकील बदलून मागा. बदलून मिळतो. अर्जात ‘वकील बरोबर नाही’ एवढंच असेल तर काही होत नाही. ‘अमुक तारखेला हजर नव्हते, त्या दिवसाच्या रोजनाम्याची नोंद सोबत जोडली आहे’ असं असेल तर होतं. रोजनामा, म्हणजे त्या दिवशी न्यायालयात काय झालं याची नोंद, ई-कोर्ट्सच्या ॲपवर दिसतो. त्यासाठी प्रकरणाचा सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर लागतो. तो प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि एक कागद अशिलाच्या घरच्या कॅलेंडरवर चिकटवा.

आता ज्याच्यावर सगळं उभं राहतं त्याकडे येतो: पहिली मुलाखत. माणसाला त्याच्या बोलीत बोलू द्या. अमळनेर-पारोळा-धुळ्याकडून आलेला अहिराणीत सांगेल, रावेर-यावलचा लेवा बोलीत, नंदुरबारकडचा भिली किंवा पावरीत, जळगावच्या तांबापुऱ्यातला हिंदी-उर्दूत. प्रमाण मराठीत विचारलं की बायका ‘हो’ म्हणून मोकळ्या होतात आणि मुख्य गोष्ट सुटते. ‘कागद कव्हय भेटना?’ (कागद कधी मिळाला?) असं विचारलं की नेमकं उत्तर येतं: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नवऱ्याचा दिवस होता तेव्हा, बाजाराच्या दिवशी. त्यावरून तारीख तुम्ही काढा.

मग नोटीस हातात घ्या आणि वरून खालपर्यंत वाचा. कोणतं कार्यालय? जावक क्रमांक आणि दिनांक? कोणत्या कायद्याचं कोणतं कलम? कोणाच्या नावाने आहे, आणि ते नाव राहणाऱ्याचं आहे की मेलेल्या सासऱ्याचं? किती दिवसांत काय करायला सांगितलं आहे? सही आणि पदनाम आहे का? मग पाकीट मागा. लोक नोटीस जपून ठेवतात आणि पाकीट चुलीत घालतात. मुदत बऱ्याचदा नोटिशीवरच्या तारखेपासून मोजत नाहीत, ती मिळाल्यापासून मोजतात, आणि मिळाल्याचा पुरावा पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यात असतो. दारावर चिकटवली असेल तर काढण्याआधी फोटो घ्या, दार आणि शेजारचं घर दिसेल असा. मोबाइलमधल्या फोटोत तारीख साठवलेली असते, म्हणून तो व्हॉट्सॲपवर पाठवून मूळ फोटो पुसू नका.

मूळ कागद कधीही, कितीही विश्वास असला तरी, स्वतःकडे ठेवू नका. झेरॉक्स घ्या, मूळ परत द्या, आणि ‘मूळ परत मिळाले’ अशी सही किंवा अंगठा रजिस्टरवर घ्या. अंगठा असेल तर ‘मजकूर वाचून दाखवला, समजला’ असं लिहून वाचणाऱ्यानेही सही करावी. संस्थांवरचा विश्वास सगळ्यात लवकर इथे तुटतो: कार्यकर्ता गाव सोडतो, फाइल त्याच्या घरी राहते आणि बाईचं रेशन कार्ड त्यात असतं.

राहण्याचा पुरावा जमवताना जुनेपणा पाहा. आधार कार्ड पत्ता दाखवतं, पण किती वर्षांपासून ते दाखवत नाही. त्यापेक्षा जुनं वीजबिल, घरपट्टीची पावती, त्या वर्षाच्या मतदार यादीचं पान, मुलाच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा हे बळकट असतात. घरपट्टी भरल्याने जागा मालकीची होत नाही. नोटरीसमोर केलेल्या ‘खरेदी’ने तर अजिबात होत नाही, स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. तरी तो नोटरीचा कागद फेकू नका. ताबा कधीपासून आहे हे दाखवायला तो उपयोगी पडतो. एका कागदावर ‘सुरेश’ आणि दुसऱ्यावर ‘सुऱ्या’ असेल, तर दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आजच करून ठेवा. सुनावणीच्या दिवशी ते सुचत नाही.

अतिक्रमणाच्या नोटिशीत पहिला प्रश्न असतो: जागा कोणाची? नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका किंवा तलाठ्याकडून सातबारा काढा. जागा महापालिकेची, नगरपरिषदेची, महसूलची, रेल्वेची की पाटबंधाऱ्याची, त्यावर कायदा आणि मुदत दोन्ही बदलतात. भुसावळसारख्या जंक्शनच्या शहरात रेल्वेच्या जागेचा प्रश्न नेहमीच येतो. तिथे १९७१चा सार्वजनिक जागांचा कायदा लागतो: आधी इस्टेट ऑफिसरची (अशा जागा रिकाम्या करून घेण्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याची) कारणे दाखवा नोटीस, मग सुनावणी, मग रिकामं करण्याचा आदेश, आणि त्या आदेशावर जिल्हा न्यायाधीशांकडे अपील करायला फक्त १२ दिवस. बारा दिवस म्हणजे माणूस कामावरून परत येऊन कुणाला तरी विचारेपर्यंत संपतात. म्हणून कारणे दाखवा नोटीस आली त्याच दिवशी फाइल उघडा आणि लेखी उत्तर द्या. उत्तर न दिलेल्या प्रकरणात अपिलात बोलायला फार थोडं उरतं. महसूल खात्याच्या जागेवर तहसीलदाराने महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ५०खाली आदेश केला असेल तर प्रांताधिकाऱ्यांकडे अपील ६० दिवसांत.

सर्वोच्च न्यायालयाच्या १३ नोव्हेंबर २०२४च्या निकालाबद्दल वस्तीत बरंच अर्धवट बोललं जातं. त्यात पाडकामाआधी १५ दिवसांची नोटीस, नोंदणी टपालाने आणि बांधकामावर चिकटवूनही, प्रत्यक्ष सुनावणी, कारणांसह आदेश, आदेशानंतर पुन्हा १५ दिवस आणि पाडकामाचं चित्रीकरण बंधनकारक केलं आहे. पण त्याच निकालात अपवादही आहे: रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी किंवा जलाशय अशा सार्वजनिक जागेवरचं अनधिकृत बांधकाम आणि न्यायालयाच्या आदेशाने होणारं पाडकाम यांना हे निर्देश लागू नाहीत. नाल्याकाठच्या वस्तीला ‘पंधरा दिवस कोणी हात लावू शकत नाही’ असं सांगणारा माणूस त्यांचं नुकसान करतो. त्यांना सामान, कागद आणि म्हातारी माणसं आधी सुरक्षित हलवायला सांगा आणि मग कायद्याचा मार्ग शोधा. पदपथावर राहणाऱ्यांबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८५च्या ओल्गा टेलिस निकालानेही उपजीविका हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला, पण पदपथावर कायम राहण्याचा हक्क दिला नाही; रीतसर नोटीस आणि ऐकून घेणं हवं, एवढंच त्यातून हातात येतं. ते थोडं नाही, त्या वेळात पुनर्वसनाची मागणी करता येते.

पुनर्वसनाच्या मागणीत झोपडपट्टी शासनाने रीतसर घोषित केलेली आहे का हे पहिल्यांदा पाहा. १ जानेवारी २०००पूर्वीपासून राहणाऱ्या झोपडीधारकाला झोपडपट्टी कायद्याखाली संरक्षण आहे, त्यानंतर १ जानेवारी २०११पर्यंतच्या झोपडीधारकाला पैसे भरून पुनर्वसनाची तरतूद आहे. या दोन तारखांमुळेच जुन्या मतदार यादीच्या एका पानाला एवढी किंमत येते.

तातडीची स्थगिती हवी असेल तर शासनाविरुद्ध दाव्याआधी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८०प्रमाणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, पण कलम ८०(२)खाली न्यायालयाची परवानगी घेऊन ती नोटीस न देताही दावा दाखल करता येतो. वकिलाला हे माहीत असतं, तरी तातडी दाखवणारे कागद तुम्हीच द्यायचे आहेत. उच्च न्यायालयात जायचं तर आपले तिन्ही जिल्हे औरंगाबाद खंडपीठाखाली येतात. तिथेही उच्च न्यायालय विधी सेवा उपसमिती मोफत वकील देते; त्यासाठी जिल्ह्यातूनच अर्ज पाठवता येतो, संभाजीनगरला चार फेऱ्या मारायची गरज नाही.

लोटगाडीवाल्यांचं प्रकरण वस्तीतल्या गटाने सगळ्यात आधी घ्यावं असं मला वाटतं, कारण कायदा स्पष्ट आहे, खर्च कमी आहे आणि निकाल लवकर दिसतो. २०१४च्या पथविक्रेता कायद्याच्या कलम ३प्रमाणे सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत सध्याच्या विक्रेत्याला हटवता येत नाही. हटवायचं किंवा दुसरीकडे बसवायचं तर ३० दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर जागेवरच यादी करून, सहीनिशी प्रत विक्रेत्याला द्यायची. माल परत मागितल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत द्यायचा, ठरलेलं शुल्क भरून.

जळगावच्या फुले मार्केट भागात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर अतिक्रमण विभागाची गाडी येते तेव्हा प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. गाडी थांबते, तराजू आधी उचलतात, मग क्रेट, मग लोटगाडी. विक्रेता मागे पळतो, हातापाया पडतो, संध्याकाळी कार्यालयात जाऊन रोख भरतो आणि उरलासुरला माल घेऊन येतो. केळी तोवर काळी पडलेली असतात. यादी नाही, पावती नाही, म्हणजे पुढे काहीच सिद्ध करता येत नाही. म्हणून विक्रेत्यांना एक सवय लावा: रोज सकाळी माल मांडल्यावर लोटगाडीचा एक फोटो आणि बाजार समितीतल्या खरेदीची चिठ्ठी खिशात. माल उचलला की त्याच दिवशी, दुपारच्या आत, आयुक्त किंवा मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज: अमुक वेळी, अमुक ठिकाणी, एवढे किलो टोमॅटो, एवढे डझन केळी, एक तराजू, जप्तीची यादी मिळाली नाही, नाशवंत माल आजच परत मिळावा. दोन प्रती, एका प्रतीवर आवक शिक्का आणि वेळ. वेळ लिहून घ्यायला विसरू नका, ‘त्याच दिवशी’ची सगळी गोष्ट त्या वेळेवर उभी आहे. कारकून शिक्का देत नसेल तर तोच अर्ज कार्यालयाच्या ईमेलवर तिथूनच पाठवा.

असे दहा अर्ज जमले की गटाचं खरं काम सुरू होतं. याच कायद्याखालच्या शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेते असायला हवेत आणि त्यांतल्या एक-तृतीयांश स्त्रिया. ही समिती नेमली आहे का, सर्वेक्षण कधी झालं, प्रमाणपत्रं किती दिली, जप्तीच्या किती याद्या केल्या, हे माहितीच्या अधिकारात मागा. महाराष्ट्रात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून हे चार प्रश्न चार वेगळ्या अर्जांत विचारा. शुल्क प्रत्येकी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला माफ. उत्तर ३० दिवसांत नाही आलं तर पहिलं अपील. ही उत्तरं आणि ते दहा अर्ज एकत्र घेऊन आयुक्तांना भेटलात तर चर्चा वेगळ्याच पातळीवर होते. एकट्या विक्रेत्याला दया मागावी लागते, आकड्यांसह आलेल्या शिष्टमंडळाला उत्तर द्यावं लागतं.

भाडेकरूंचं थोडक्यात. करार कोणत्या प्रकारचा, ते आधी पाहा. अकरा महिन्यांचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार असेल तर मुदत संपल्यावर संरक्षण फार कमी. खरी भाडेकरारी असेल आणि भाडे नियंत्रण कायदा १९९९ त्या भागाला लागू असेल, तर भाडं थकलं म्हणून लगेच काढता येत नाही: मालकाने लेखी मागणी नोटीस द्यायची, ९० दिवस थांबायचं, मगच दावा, आणि दाव्याचं समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकबाकी १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली आणि पुढचं भाडं भरत राहिलं तर त्या कारणावरून घर रिकामं करण्याचा हुकूमनामा (न्यायालयाचा आदेश) होत नाही. भाड्याची पावती देणं मालकावर बंधनकारक आहे. देत नसेल तर रोख देणं थांबवून यूपीआय किंवा बँकेतून द्या, शेऱ्यात महिना लिहा. लेखी करार करून नोंदवण्याची जबाबदारीही मालकाची आहे, आणि करार लेखी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. पाणी-वीज तोडली तर याच कायद्याच्या कलम २९खाली ती जोडून मागता येते. कुलूप लावून सामान बाहेर काढलं तर पोलीस ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणतील. तरी तक्रार लेखी देऊन पोहोच घ्या, कारण विशिष्ट साहाय्य कायद्याच्या कलम ६खाली ताबा परत मागण्याचा दावा सहा महिन्यांत करावा लागतो आणि हाकलल्याची तारीख त्या पोहोचेवरून ठरते.

फायनान्सच्या कर्जांत बायका सगळ्यात जास्त घाबरलेल्या असतात आणि भीती बहुतेक कागद न समजल्याची असते. दोन प्रकारचे कागद वेगळे ओळखायला शिकवा. लोकअदालतीची दाखलपूर्व नोटीस म्हणजे तडजोडीचं बोलावणं. न गेल्यास अटक होत नाही, जाऊन तडजोड नाकारली तरी काही बिघडत नाही. पण चेक न वटल्याचं न्यायालयाचं समन्स असेल, म्हणजे चलनक्षम दस्तऐवज कायद्याच्या कलम १३८चं, तर ते चुकवलं की वॉरंट निघतं. त्या दिवशी हजर व्हायलाच हवं. चेक परत गेल्यावर जी वकिलाची नोटीस येते तिच्यात पैसे भरायला १५ दिवस असतात. तेवढ्यात हप्ता ठरवून घेता आला तर खटलाच टळतो.

लोकअदालतीत सही करण्यापूर्वी मजकूर मोठ्याने वाचून घ्या. तिथला निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्याविरुद्ध अपील नाही. ‘एकरकमी भरणार’ असं लिहून गेलं आणि घरात पैसे नसतील तर पुढे थेट वसुली येते. परवडेल तेवढा हप्ता आणि व्याज थांबवल्याची स्पष्ट ओळ असेल तरच सही. सूक्ष्म कर्जांबाबत रिझर्व्ह बँकेचे २०२२चे निर्देश आहेत: घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घरच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांवर जाता कामा नयेत, आणि वसुलीसाठी सकाळी ९च्या आधी किंवा संध्याकाळी ६नंतर फोन करता येत नाही. वसुलीवाला रात्री आला, शेजाऱ्यांसमोर बोलला, तर तारीख-वेळ वहीत लिहा. आधी कंपनीकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ती तक्रार मोफत आहे आणि वकील लागत नाही.

घरगुती हिंसाचाराच्या प्रकरणात तुमचं काम मर्यादित आणि नेमकं ठेवा. बाई जिथे सध्या राहते, माहेरी किंवा बहिणीकडे का असेना, तिथल्या दंडाधिकाऱ्यांकडे तिला अर्ज करता येतो. संरक्षण अधिकारी घरगुती घटनेचा अहवाल भरून देतो आणि घरगुती हिंसाचार कायद्याच्या कलम १९खाली सासरच्या घरात राहण्याचा आदेश मिळू शकतो, घर नवऱ्याच्या नावावर नसलं तरी. पोटगीसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २०२०च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंना उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. म्हणून अर्ज आधी दाखल करा, ‘बैठकीत मिटेल’ म्हणून महिने घालवू नका. नवऱ्याच्या कामाचं ठिकाण, गाडीचा नंबर, शेतीचा गट नंबर आठवेल तेवढं लिहून घ्या. समेटासाठी तुमच्या गटाने मध्यस्थी करू नये. बाई तुमच्याकडे मदतीला आली आहे, तुम्ही तिची बाजू सोडून पंच झालात तर ती पुन्हा येणार नाही. आणि तिचं नाव, फोटो, तक्रार यांपैकी काहीही गटाच्या व्हॉट्सॲपवर जाऊ देऊ नका.

पहिल्या महिन्यासाठी एवढं पुरे: आठवड्यातून एक ठरलेला दिवस, संध्याकाळी सातनंतर, कारण लोक कामावरून तेव्हाच परततात, जागा वस्तीतलीच, समाजमंदिर किंवा शाळेची खोली, दोन जण मुलाखत घेणारे, एक जण रजिस्टरवर. रजिस्टरमध्ये सहा रकाने: नाव, विषय, कागद मिळाल्याची तारीख, मुदत संपण्याची तारीख, पुढचं पाऊल कोण करणार, झालं का. मुदतीचा रकाना लाल पेनाने. दर सोमवारी एकाने तो रकाना वाचून पुढच्या दहा दिवसांत संपणाऱ्या मुदती मोठ्याने सांगायच्या. नवीन प्रकरणं किती आली यापेक्षा या रकान्यात एकही मुदत चुकली नाही ना, यावर लक्ष ठेवा. जे प्रकरण तुम्हाला जमणार नाही, जमिनीच्या वाटणीचा दावा किंवा खुनाचा खटला, ते पहिल्याच भेटीत तसं सांगून विधी सेवा प्राधिकरणाकडे सोबत जाऊन पोहोचवा. ‘बघू’ म्हणून ठेवून घेतलेल्या फाइलमध्येच मुदती बुडतात.

आणि प्रकरण संपलं की फाइल बंद करताना आदेशाची प्रमाणित नक्कल काढा. निकाल बाजूने लागला असेल तरी काढा, कारण पुढच्या वर्षी नवा अधिकारी येतो, तीच नोटीस पुन्हा निघते आणि तेव्हा दाखवायला शिक्क्याची नक्कल लागते. एक नक्कल अशिलाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत, एक झेरॉक्स तुमच्या फाइलमध्ये, आणि रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात ती दिल्याची सही.